भेगा काटकोनांतच कां मिळतात?



शाळा सोडून मला आतां कांहीं वर्षें झालीं. परंतु एका विद्यार्थ्याचा एक प्रश्न अद्यापि माझ्या मनांतून गेलेला नाहीं. वैशाखाचे दिवस होते. गांवचें तळें आटून तळाचा गाळ तडकला होता व त्याच्या जणु फरशा झाल्या होत्या. त्या मुलानें तें सारें वहींत रेखाटून आणलें आणि विचारलें, "गुरुजी, एक भेग दुसरीला मिळते ती बहुधा काटकोनांतच कां?" मीं वहीकडे धड पाहिलेंही नाहीं. "हें परीक्षेंत येत नाहीं," असें म्हणून त्याला जागेवर बसविलें. खरें कारण हें कीं, उत्तर मला ठाऊक नव्हतें.

अशाच प्रश्नांवर विद्यापीठांतून तरुण मंडळी पीएच.डी.साठीं वर्षानुवर्षें खपतात, हें मला निवृत्तीनंतर वाचावयास मिळालें. त्यांतून जें उमगलें तें आज आपणांस सांगणार आहें.

तळ्यांतला गाळ काय, किंवा भिंतीचा रंग काय, मूळ गोष्ट एकच: पाण्यांत मिसळलेले असंख्य सूक्ष्म कण. पाणी उडूं लागलें कीं कण एकमेकांस भिडतात. मग त्यांच्यामधल्या फटींत पाण्याचा पृष्ठभाग वाटीसारखा आंत वळतो आणि कणांना जवळ ओढूं लागतो. ही ओढ लहानसहान नव्हे. कणाचा व्यास १०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहाहजारावा भाग असेल, तर ती वातावरणाच्या दाबाच्या दहापटीहून अधिक होते. थराला आकसावयाचें असतें; परंतु खालचा तळ त्याला घट्ट धरून ठेवतो. या ओढाताणींत थर फाटतो.

मग पातळ थर कां फाटत नाहीं? भेग पडणें म्हणजे दोन नवे पृष्ठभाग निर्माण होणें. त्यास ऊर्जा लागते, व ती ताणलेल्या थरांतच सांठलेली असावी लागते. थर पातळ असला कीं हा सांठा अपुरा पडतो. आमच्या मातोश्री भिंत लिंपतांना जाड लेप कधींच देत नसत. एक पातळ हात वाळला कीं मग दुसरा. मला तो निव्वळ काटकसरीचा प्रकार वाटे! मुंबईच्या आयआयटींतील सिंग व तिरुमकुडुलु या संशोधकांनीं २००७ सालीं या मर्यादेचें गणित मांडलें. कण जितके मोठे व कठीण, तितका अधिक जाड थर न तडकतां सुकूं शकतो, असें त्यावरून दिसतें. रंगाच्या कारखानदारास हें केवढ्या उपयोगाचें!

आतां काटकोनाकडे येऊं. पहिली भेग पडली कीं तिच्या कांठांजवळचा, तिला आडवा असलेला ताण मोकळा होतो. तिच्या लांबीच्या दिशेचा ताण मात्र तसाच राहतो. भेग नेहमीं ताणाशीं काटकोन करून पडते. म्हणून मागाहून येणारी भेग जुनीजवळ येतांच वळते, तिला काटकोनांत मिळते आणि तेथेंच थांबते.

परंतु हा नियम पहिल्या सुकण्याचा. तीच माती पुनःपुन्हा भिजवून सुकविली, तर भेगांमधले कोन हळूहळू १२० अंशांकडे सरकतात व षट्कोनी जाळें दिसूं लागतें. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत हें आढळलें.

आणखी एक प्रयोग तर मला कथेसारखा वाटला. २००५ सालीं जपानांत नाकाहारा व मात्सुओ यांनीं कॅल्शियम कार्बोनेटचा दाट लगदा सुकण्यापूर्वीं थोडा वेळ एका दिशेनें पुढेंमागें हालविला व मग स्वस्थ ठेवला. पुढें भेगा पडल्या त्या हालविण्याच्या दिशेशीं काटकोनांत! डोळ्यांस दिसण्याजोगी एकही खूण उरली नव्हती. तरी लगद्यानें ती हालचाल स्मरणांत ठेविली होती.

त्या मुलाची वही आज मजजवळ नाहीं. असती, तर तिच्यावर बोट ठेवून मीं त्याला दाखविलें असतें: जी भेग सरळ निघून जाते ती आधींची, जी तिच्यापाशीं येऊन थांबते ती नंतरची. गाळ कोणत्या क्रमानें तडकत गेला, तें सारें त्याच्या चित्रांत लिहिलेलें होतें.