यंत्रांची पोंचपावती

एखादें महत्त्वाचें पत्र परगांवीं धाडावयाचें झालें, तर शहाणा माणूस तें रजिस्टर करून धाडतो आणि पोंच हातीं येईपर्यंत त्याची नक्कल जपून ठेवतो. नित्य व्यवहारांतील ह्याच सावधगिरीवर ‘कर्मिट’ ह्या संगणकव्यवस्थेची उभारणी झालेली आहे. तिची कथा जितकी यंत्रांची, तितकीच निरपेक्ष सहकार्याची आहे.

इ. स. १९८१ मध्यें न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांत एक अडचण उत्पन्न झाली. मोठ्या मध्यवर्ती संगणकांत विद्यार्थ्यांचें लेखन कायम ठेवण्यास जागा पुरेना. तें छोट्या संगणकांच्या फ्लॉपी तबकड्यांवर उतरवून घेणें अवश्य झालें. परंतु निरनिराळ्या कारखान्यांचीं यंत्रें एकमेकांची भाषा जाणत नव्हतीं. तेव्हां फ्रँक डा क्रूझ व बिल कॅचिंग्स ह्यांनीं यंत्रांच्या संभाषणाचे नियम आंखले आणि दूरचित्रवाणीवरील एका लोकप्रिय बाहुल्याचें, कर्मिट बेडकाचें, नांव त्यांस दिलें.

ते नियम मोठे सुटसुटीत होते. मजकुराचे लहान लहान तुकडे पाडावयाचे. मूळ नियमांप्रमाणें एका तुकड्यांत शंभर अक्षरेंही नसत. प्रत्येक तुकड्यावर अनुक्रमांक आणि त्यांतील अक्षरांच्या अंकांवरून काढलेली बेरीज घालावयाची. घेणारें यंत्र तीच बेरीज पुन्हां करून पाही. जुळली तर ‘पोंचलें’ असें कळवी, न जुळली तर तोच तुकडा पुन्हां मागे. दूरध्वनीच्या तारेंतील खरखरीनें एखादें अक्षर बिघडलें, तरी सगळा मजकूर वायां जात नसे. कांहीं सांकेतिक अक्षरें मोठे संगणक आज्ञा समजून मध्येंच गिळून टाकीत. म्हणून तीं साध्या अक्षरांच्या वेषांत, पुढें एक खूण लावून, धाडण्याची योजना होती.

विद्यापीठानें हे नियम व आपल्या आज्ञावली लपवून ठेविल्या नाहींत. त्या चुंबकीय फितींवर उतरवून, वाटणीपुरता खर्च घेऊन, मागेल त्यास दिल्या. मग ज्याच्यापाशीं जें यंत्र असेल, त्यानें त्यासाठीं स्वतः आज्ञावली लिहावी, ती कोलंबियास धाडावी आणि तेथून ती इतरांस मिळावी, अशी रीतच पडली. ॲपल २, बीबीसी मायक्रो, कमोडोर ६४ अशा घरगुती यंत्रांनाही कर्मिट लाभला.

हें काम हलकें नव्हतें. १९८२ सालीं निघालेल्या कमोडोर ६४ ची स्मृति अवघी ६४ किलोबाइट. पडद्यावर एका ओळींत ४० अक्षरें मावत, तर दूरचे संगणक बहुधा ८० अक्षरांची ओळ धाडीत. शिवाय त्याच्या अक्षरांचे अंक इतर यंत्रांहून निराळे असल्यामुळें त्यांचें भाषांतर करीत राहावें लागे. अशा प्रश्नांशीं स्वयंसेवक मोबदल्याची अपेक्षा न ठेवतां झुंजले.

त्या श्रमांचें मोल पुढें कळलें. कमोडोर कंपनीचें १९९४ मध्यें दिवाळें निघालें. यंत्रें मात्र घरोघर राहिलीं, आणि त्यांच्या तबकड्यांवर कोणाचे हिशेब, कोणाच्या कविता, कोणाचा अभ्यास. तबकडीवरील चुंबकत्व काळानें क्षीण होतें, आणि नव्या संगणकांत ती तबकडी बसतही नाहीं. योग्य जोडणीनें दोन्ही यंत्रें तारेनें सांधून दोहोंकडे कर्मिट चालविला, म्हणजे तो मजकूर आजही नव्या यंत्रांत आणतां येतो.

कोलंबिया विद्यापीठानें २०११ मध्यें हा प्रकल्प आवरला. त्याच सुमारास कर्मिटचें मूळ लेखन सर्वांस मुक्त वापरासाठीं खुलें झालें. कारखाना बंद पडला कीं त्याचीं गुपितें बहुधा त्याच्याबरोबरच जातात. जे नियम आरंभापासून चारचौघांत मांडलेले असतात, त्यांना मात्र नवा लेखक केव्हांही मिळूं शकतो.