कुलाबा किनाऱ्याची जुनी छायाचित्रे

आजचा रायगड 1981 पर्यंत सरकारी दप्तरात ज्या नावाने नोंदला जाई, त्या कुलाबा जिल्ह्याची विसाव्या शतकारंभीची छायाचित्रे पाहताना दुर्गांहून अधिक माणसांकडे लक्ष द्यावे. नऊवारी नेसलेल्या, मंगळसूत्र ल्यालेल्या ज्या स्त्रिया सहज शेजारघरच्या वाटतात, त्या कदाचित बेने इस्रायली, म्हणजे यहुदी असतील. तेल गाळण्याचा परंपरागत व्यवसाय करणारा, परंतु शब्बाथास, म्हणजे शनिवारी, घाणा बंद ठेवीत असल्यामुळे ‘शनवार तेली’ म्हणवला गेलेला, मराठी हीच मातृभाषा असलेला हा समाज 1948 नंतर बहुसंख्येने इस्रायलला स्थलांतरित झाला. खेद एवढाच, की ठेवणीतली वस्त्रे चित्रांत दिसतात, घाणा क्वचितच! आपल्या संग्रही अशी चित्रे असल्यास वडीलधाऱ्यांना विचारून, पाठीमागे नावगाव पेन्सिलीने अवश्य लिहून ठेवावे.