गैरहजर मुलांचीही हजेरी घेऊया
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला बजावले आहे की, "तू जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केलीस, तेव्हा शिक्षणावर बोल, पण दहा मिनिटांत आटप." शिक्षणाचा सगळा पसारा दहा मिनिटांत मांडता येणार नाही. म्हणून एकच विषय घेतो. शाळेत नाव आहे, पण मूल शाळेत नाही.

या मेळाव्याची यादी आपण दहावीच्या १९८३ च्या निकालावरून केली. मला पाचवीचा हजेरीपट आठवतो. त्यातली कितीतरी नावे या यादीत नाहीत. ती मुले नापास झाली म्हणून गेली नाहीत. आधी दसऱ्यानंतर दिसेनाशी झाली, पाडव्याला परत आली, पुढच्या वर्षी पुन्हा गेली आणि एके वर्षी आलीच नाहीत. शाळा सुटते ती अशी, हळूहळू.

अमेरिकेसारख्या देशांत वर्षातले दहा टक्के दिवस बुडवणाऱ्या मुलाला 'सतत गैरहजर' धरतात. आपल्या शिक्षणहक्क कायद्यात, म्हणजे २००९ च्या कायद्यात, पहिली ते पाचवीला २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा सांगितली आहे. त्या हिशेबाने वर्षाला वीस-बावीस दिवस, महिन्याला जेमतेम दोन दिवस बुडाले तरी धोक्याची घंटा. आणि आपल्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड्याच्या मुलाचे निम्मे वर्ष जाते! कारखान्यांचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलला संपतो. शाळेत खरा अभ्यास चालतो तोही याच महिन्यांत.

मंडळी, आईबापांना शिक्षणाची किंमत नाही, असे पुष्कळ जण म्हणतात. माझा अनुभव तसा नाही. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली कोरडवाहू जमीन, पावसाळ्यात मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि ती फेडायला नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. घरात म्हातारे माणूस नसेल तर लेकरू कुणाजवळ ठेवायचे? मग ते टोळीबरोबर जाते. तिकडे आई पहाटेच फडात. कोपीवर धाकट्याला सांभाळणे, पाणी भरणे, भाकरी थापणे हे नऊ-दहा वर्षांच्या पोरीकडे. तिची गैरहजेरी हा आळस नाही, ती तिची नोकरीच आहे.

मुलगी वयात आली की प्रश्न आणखी अवघड होतो. तिला मागे ठेवायची भीती, फडावर न्यायचीही भीती. यातून आईबापांना एकच वाट दिसते, ती म्हणजे लग्न. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. कायदा २००६ चा आहे. पण दिवाळीत मुलीला सुरक्षित ठेवायला जागा नसेल, तर कायदा त्या आईच्या काय कामाचा?

गावातच राहणाऱ्या मुलांचीही कारणे वेगवेगळी असतात. कापूस वेचणी असते, घरी आजारपण असते, शाळेत मुलींसाठी धड संडास नसतो. काही मुलांना गणिताची धास्ती असते. आणि महिनाभर न आलेल्या मुलाला वर्गात काहीच कळत नाही, म्हणून ते पुन्हा येत नाही. वरून कुणी "काय पाहुणे, वाट चुकलात का?" म्हणाले, तर ते दुसऱ्या दिवशी हमखास गायब.

सरकारने काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. शालेय पोषण आहार १९९५ पासून आहे आणि त्या खिचडीने पुष्कळ मुले टिकवली. मुलींना एसटीचा मोफत पास आहे. नव्वदच्या दशकात कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या. पुढे हंगामी वसतिगृहे आली. मूल गावातच आजी-आजोबांकडे किंवा नातलगांकडे राहते आणि जेवणखाण शाळेत होते. स्थलांतर करणाऱ्या मुलासाठी शिक्षण हमी कार्ड आहे. ते दाखवले की फडाजवळच्या शाळेने त्याला बसवून घ्यायचे असते. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनाही मंजूर झाली.

मग अडते कुठे? कार्ड दप्तरात राहते, कारण परक्या गावातली शाळा दाखवायला कुणी नसते. वसतिगृह कागदावर सुरू होते, पण अनुदान हाती पडेपर्यंत किराण्याची उधारी शिक्षकांच्या आणि समितीच्या डोक्यावर असते. आणि संध्याकाळी सातनंतर मुलींजवळ थांबणारी बाई मिळत नाही.

माझ्या नोकरीत तीन गोष्टी उपयोगी पडल्या. पहिली, हजेरीपटाशेजारी एक साधी वही. कोण आले नाही, एवढ्यावर न थांबता का आले नाही हे त्यात लिहायचे. कारण कळले की उपाय सुचतो. दुसरी, पालकांशी बोलणे पोळ्याच्या सुमाराला करायचे. दसऱ्याला गाडी दारात उभी असताना बोलून उपयोग नाही. त्या वेळी आजी तयार होते, चुलती तयार होते, पण त्यांना आधी भेटावे लागते. तिसरी, परत आलेल्या मुलाला चालू धड्यावर बसवायचे नाही. दोन महिने फक्त वाचन आणि हिशेब. आधी त्याला वाटले पाहिजे की आपल्याला येते.

आता मुद्द्याचे बोलतो. आपण शाळेसाठी वर्गणी जमवली आहे आणि तिची कमान बांधावी असा विचार आहे. कमानीला माझा विरोध नाही. आपल्या गुरुजनांचे नाव तिच्यावर शोभेल. पण माझी विनंती आहे की त्यातली निम्मी रक्कम हंगामी वसतिगृहाच्या नावाने वेगळी ठेवावी. अनुदान येईपर्यंत किराणा, सकाळचा नाश्ता, आणि रात्री थांबणाऱ्या बाईंचे मानधन यांसाठी ती वापरावी. अनुदान आले की पैसे परत फंडात, म्हणजे पुढच्या दसऱ्याला तेच कामी येतील. हिशेब शाळा व्यवस्थापन समितीने दर महिन्याला आपल्याला द्यावा.

दुसरी विनंती पैशाची नाही. आपल्यातले कित्येक जण कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर भागात स्थायिक आहेत. आपल्या शाळेची मुले तुमच्याच आसपासच्या फडांवर असतात. गावाहून फोन आला, तर एक दिवस रजा काढा. त्या लेकराचा हात धरा, हमी कार्ड घ्या आणि जवळच्या शाळेत त्याला बसवून या. शिक्षकांशी ओळख करून द्या. एवढ्याने त्याचे वर्ष वाचू शकते.

गुरुजी, तुम्ही रोज आमची हजेरी घ्यायचात. 'हजर' म्हणणाऱ्यांचे पुढे बरे झाले, ते आज इथे बसले आहेत. ज्यांचा आवाज आला नाही, त्यांची नातवंडे आज याच शाळेत आहेत. यंदा पोळ्याला मी शाळेत असणार आहे. कुणाकुणाला बरोबर यायचे आहे, त्यांनी जेवणानंतर नावे द्यावीत.