कापूस, रेल्वे आणि आपण



आज आपण धुळे-जळगावच्या गावागावांतून येथे जमलो आहोत. आपल्यापैकी कित्येकांची घरे भुसावळच्या रेल्वे चाळींत, जळगाव-अमळनेरच्या गिरणी वस्त्यांत कशी आली, याचा विचार आपण करावयास हवा.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस काळ्या गुलामांच्या घामावर पिकत होता. बंदरांची कोंडी होताच इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या, कामगार उपाशी राहिले. मग साहेबाची नजर खानदेशच्या कापसाकडे वळली. भाव कडाडले. त्याच दशकात मुंबईहून निघालेली रेल्वे भुसावळवरून पुढे नागपूरला पोहोचली. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले; सावकाराचे कर्ज मात्र राहिले.

या तेजीत आपल्या वाडवडिलांना काय मिळाले? त्यांच्या वाट्याला वतनाचा तुकडा आणि त्यापायी गावकी, वेठबिगार. रेल्वेत व पुढे गिरण्यांत मात्र रोख पगार मिळू लागला. दारोदार बलुते मागणे सुटले. तरी जात सुटली नाही. मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत.

अमेरिकेतही १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, पण बहुतेक मुक्त गुलामांना जमीन मिळाली नाही. विसाव्या शतकात त्यांची लाखो मुले-नातवंडे शिकागो, डेट्रॉईटच्या कारखान्यांकडे निघाली. दुःख एकच, वाटही एकच!

परमपूज्य बाबासाहेबांनी हे ओळखले होते. शेतीवरचा माणसांचा भार उद्योगधंद्यांनी कमी केला पाहिजे, असे त्यांनी १९१८ सालीच मांडले. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतनासंबंधीचे विधेयक आणले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने खालसा झाली आणि जमिनी रयतवारीने परत देण्याची तरतूद झाली.

बांधवांनो, ज्या गिरणीच्या भोंग्यावर जळगावात आपली चूल पेटे, ती खानदेश मिल बंद पडली. आज आपली तरुण मुले सुरतेची गाडी धरतात. जावे, जरूर जावे. पण रिकाम्या हाताने नव्हे. मजुरी आज आहे, उद्या नाही. म्हणून आपण दोन गोष्टी ठरवू या. वतनाच्या जमिनीचा सातबारा तलाठ्याकडून काढून तपासू, ती कवडीमोलाने कोणाला देणार नाही. आणि मुलगा असो वा मुलगी, शिक्षण अर्धवट सोडू देणार नाही.

जयभीम!