पंधरा पावलांवरचं हरीण



आज मी सारनाथला बसून बोलते आहे. काशीपासून हे दहाएक किलोमीटरवर. गेली काही वर्षं मी मुलीकडे काशीतच राहते, त्यामुळे महिन्यातून एखादी चक्कर होतेच. पाठीमागे धमेख स्तूप दिसत असेल तुम्हाला, आणि उजवीकडे, कुंपणापलीकडे, चितळं चरताहेत. या जागेचं जुनं नाव मृगदाव, म्हणजे हरणांचं रान. सारनाथ हे नाव सारंगनाथावरून आलं असं मानतात. सारंग म्हणजेही हरीणच.

हरणांच्या रानात बसून आज मी शिकारीबद्दल बोलणार आहे. त्याला कारण घडलं आहे.

परवा माझ्या मामेभावाच्या मुलाचा निरोप आला. हा टेक्सासमध्ये नोकरीला असतो. लिहितो, ‘आत्या, थंडीत मित्रांबरोबर हरणाच्या शिकारीला जायचं ठरतंय. माझ्याकडे नऊ एमएमचं पिस्तूल आहे. मचाणाखाली हरीण तीस-चाळीस फुटांवर येतं म्हणे. इतक्या जवळून कुठलीही गोळी चालेल ना? की एखादी खास घ्यावी? तू भौतिकशास्त्र शिकवलंस, म्हणून तुला विचारतो.’

मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. वाटलं, सरळ ‘जाऊ नकोस’ लिहावं. पण तिथे तो कायद्याने जाऊ शकतो, आणि मी नको म्हटलं तर तो दुसऱ्या कोणाला तरी विचारेल. मग ठरवलं, उत्तर नीटच द्यायचं, आणि सगळ्यांसमोर द्यायचं.

आधी आपल्याकडचं सांगते, कारण ऐकणारे बहुतेक जण भारतातले आहात. भारतात या प्रश्नाला उत्तर नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हरणाची शिकार बंद आहे. काळवीट तर पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला मारलं तर तीन ते सात वर्षं कैद. तुमच्याकडे रिव्हॉल्व्हरचा परवाना असला तरी तो शिकारीचा परवाना होत नाही. विदर्भात रोही पिकं खातात, इकडे पूर्वांचलातही तीच तक्रार आहे. तिथेही शेतकऱ्याने स्वतः ठरवून गोळी घालायची नसते. अधिकाऱ्याकडे अर्ज, त्याची परवानगी, त्यातल्या अटी, असा रस्ता आहे. तेव्हा पुढचं जे बोलेन ते आपल्या रानासाठी नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

टेक्सासची गोष्ट वेगळी. तिथे पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार हंगामात, परवाना काढून करता येते. पिस्तुलानेही करता येते. फक्त रिमफायर काडतूस, म्हणजे पॉइंट टू टू सारखं, हरणावर चालत नाही. २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. आणि आपल्या मुलांना सहसा माहीत नसलेली एक गोष्ट: कामाच्या व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या संघराज्याच्या कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मुळात मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातल्या मोजक्या अपवादांपैकी एक. म्हणजे परवाना आधी, पिस्तूल नंतर. मित्राचं पिस्तूल ‘जरा हातात धरलं’ तरी प्रश्न तोच. बाळा, तुझी कागदपत्रं कुठल्या क्रमाने झाली आहेत ते आधी तपासून बघ.

आता गोळीकडे येते. पण त्याआधी तुझ्या आजोबांची गोष्ट, जी तुला कोणी सांगितलेली दिसत नाही.

मामा चंद्रपूरकडे जंगलाचे ठेके घेत. १९६८ साल असेल. तेव्हा परवाना काढून शिकार करता येत असे. मामांकडे बत्तीस बोअरचं विलायती रिव्हॉल्व्हर होतं, जिवाच्या संरक्षणासाठी घेतलेलं. एका संध्याकाळी नाल्याच्या वळणावर चितळाचा नर समोर आला. पंधरा पावलांवर. मामांना वाटलं, एवढ्या जवळून चुकणार कशी? आणि ती चुकलीही नाही. गोळी खांद्याला लागली. नर गुडघ्यावर आला, उठला आणि झाडीत गेला.

मामा आणि दोन माणसं कंदील घेऊन रात्रभर शोधत होती. रक्ताचे थेंब शंभरेक पावलं सापडले, मग तेही संपले. तिसऱ्या दिवशी गिधाडं उतरलेली दिसली तेव्हा जागा कळली. दोन टेकड्या ओलांडून गेला होता तो. त्या जखमेनिशी तो किती वेळ जगला असेल, हे मामांनी कधी बोलून दाखवलं नाही. मी तेव्हा दहा वर्षांची होते. मला एवढंच आठवतं की ते घरी आले, रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवलं आणि जेवले नाहीत. पुढे ते पुन्हा शिकारीला गेले नाहीत.

पुढे कॉलेजात गतिज ऊर्जा शिकले तेव्हा मला ते पंधरा पावलांवरचं चितळ आठवलं.

बत्तीस बोअरच्या रिव्हॉल्व्हरची गोळी साधारण ९८ ग्रेनची. ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप. आपल्या सोनाराच्या हिशेबात एक ग्रेन म्हणजे साधारण अर्धी गुंज. ही गोळी नळीतून निघताना तिच्यात जेमतेम १५० ज्यूल ऊर्जा असते. नऊ एमएममध्ये ५०० च्या आसपास. १९३५ साली आलेल्या पॉइंट थ्री फाइव्ह सेव्हन मॅग्नममध्ये, १५८ ग्रेनची गोळी असेल तर, सातशेच्या आसपास. पन्नाशीच्या दशकात आलेल्या पॉइंट फोर फोर मॅग्नममध्ये, २४० ग्रेनला, हजाराच्या वर. आणि हरणाच्या शिकारीला सर्रास वापरल्या जाणाऱ्या थर्टी-ओ-सिक्स रायफलीत साडेतीन हजारांच्या पुढे. नळीच्या लांबीप्रमाणे हे आकडे थोडे कमीजास्त होतात, पण चढण लक्षात घ्या.

नुसत्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा फरक दुसराच आहे. रायफलीची गोळी इतकी वेगात जाते की ती आजूबाजूचं मांसही ताणून फाडते. पिस्तुलाच्या गोळीला तेवढा वेग नसतो. ती ज्याला शिवते तेवढंच फाटतं. म्हणून पिस्तुलाची गोळी आत किती खोल जाते आणि वाटेत काय गाठते, यावर सगळं अवलंबून. हरणाच्या छातीत दोन फुप्फुसं आणि त्यांच्यामध्ये खाली हृदय. गोळीने एक फुप्फुस पार करून दुसरंही गाठलं तर जनावर थोड्याच वेळात पडतं. मामांची गोळी खांद्याच्या हाडात अडली. अंतर कमी होतं म्हणून नेम लागला. पण गोळीत जे नव्हतं ते अंतराने दिलं नाही. जवळचं अंतर नेमबाजाला मदत करतं, गोळीला फारशी नाही.

आता काडतुसांच्या दुकानात काय दिसेल ते सांगते.

पहिली, पूर्ण तांब्याच्या कवचाची गोल टोकाची गोळी. सरावाला स्वस्त. ती आत जाते खरी, पण अरुंद छिद्र पाडून. रक्त कमी सांडतं, माग लागत नाही. हरणासाठी नको.

दुसरी, पोकळ टोकाची स्वसंरक्षणाची गोळी. तुझ्या पिस्तुलात बहुतेक हीच असेल. ही माणसाच्या अंगात उमलावी आणि पलीकडे जाऊ नये, अशी बनवलेली असते. हलकी असेल तर हाडावर लगेच उमलते आणि तिथेच थांबते. म्हणजे मामांचंच चितळ पुन्हा.

तिसरी, शिकारीसाठी बनवलेली मऊ किंवा पोकळ टोकाची, पण जाड कवचाची आणि वजनदार. ती सावकाश उमलते आणि पुढे जात राहते. पॉइंट थ्री फाइव्ह सेव्हनमध्ये १५८ ग्रेन किंवा जास्त, फोर फोरमध्ये २४० च्या आसपास, हे नेहमीचे पर्याय.

चौथी, कठीण शिशाची रुंद चपट्या टोकाची ओतीव गोळी. ही उमलत नाही, पण टोक रुंद असल्याने छिद्र मोठं पाडते आणि बहुतेकदा आरपार जाते. आरपार जाते म्हणून हरणामागे काय आहे हे बघणं आणखी गरजेचं. मागे मातीचा उंचवटा हवा. रस्ता, घर, दुसरं हरीण असलं तर घोडा दाबायचा नाही.

शिशाबद्दल एक गोष्ट. मऊ शिशाची गोळी आत फुटते तेव्हा तिचे बारीक कण मांसात राहतात. उरलेलं आतडं-काळीज गिधाडं खातात आणि त्यांना विषबाधा होते. कॅलिफोर्नियात तिथलं काँडर गिधाड यामुळे संकटात आलं, आणि १ जुलै २०१९ पासून तिथे शिकारीला शिशाची गोळी पूर्ण बंद झाली. टेक्सासमध्ये तशी बंदी नाही. पण सगळी तांब्याची गोळी मिळते, आणि मांस घरी लहान मुलांच्या ताटात जाणार असेल तर तिचा विचार करावा.

आता तुझं नऊ एमएम. टेक्सासच्या कायद्यात ते बसतं. माझ्या हिशेबात ते काठावरचं आहे. अगदी आडवं उभं हरीण, अगदी जवळ, नेम अगदी अचूक, असे तीन ‘अगदी’ जुळले तर. रानात तीनही क्वचित जुळतात. म्हणून माझं उत्तर ‘नको’.

मग फोर फोर घ्यावं का? तेही लगेच नको. त्याचा धक्का आणि आवाज एवढा असतो की नवखा माणूस घोडा दाबायच्या आधीच डोळे मिटतो. जे पेलवत नाही त्या मोठ्या काडतुसापेक्षा पेलवणारं थ्री फाइव्ह सेव्हन बरं. परीक्षा सोपी आहे. आठ इंची कागदी प्लेट घे. हरणाचं मर्मस्थान साधारण तेवढंच असतं. ज्या काडतुसाने शिकार करणार तेच काडतूस, त्याच रिव्हॉल्व्हरमधून, मचाणावर बसशील तसं बसून झाड. सलग पाच गोळ्या ज्या अंतरावरून प्लेटमध्ये बसतील, तेवढीच तुझी हद्द. पाचातली एक बाहेर गेली तर जवळ ये. दहा पावलांवरूनही जात असेल तर या वर्षी शिकार नाही. कानाला संरक्षण लाव. आणि गोळी लागल्यावर लगेच मागे धावू नकोस. अर्धा तास थांब. पाठलाग झाला नाही तर जखमी हरीण जवळच बसतं.

आता जिथे बसले आहे तिथली गोष्ट सांगते आणि थांबते.

जातककथांमध्ये न्यग्रोधमृगाची कथा आहे, ती याच रानाची मानतात. वाराणसीच्या राजाला रोज हरणाचं मांस लागे. लोकांनी हरणांचे दोन कळप उद्यानात आणून कोंडले. राजा किंवा त्याचा आचारी येऊन बाण सोडी. इथवर बहुतेकांना माहीत असतं, आणि गर्भार हरिणीच्या जागी न्यग्रोध स्वतः मान ठेवतो आणि राजा सगळ्या प्राण्यांना अभय देतो, हा शेवटही माहीत असतो. मधला भाग आपण विसरतो. धनुष्य दिसलं की हरणं भेदरून पळत, दोन-तीन बाण लागून घायाळ होत आणि झिजून मरत. एक मारायचं तर कितीतरी जखमी होत. म्हणून दोन्ही कळपांनी पाळी लावून घेतली: रोज एकाने आपण होऊन जायचं, बाकीच्यांना जखमा नकोत.

म्हणजे बघा, हरणांनी मरणाच्याही आधी जखमेवर तोड काढली. माझ्या मामांना जी गोष्ट कंदिलाच्या उजेडात कळली, ती इथे इतक्या जुन्या काळी सांगून ठेवली होती.

तेव्हा बाळा, तू गेलास तर या अटींवर जा. प्लेटची परीक्षा उतरली नाही तर मित्रांबरोबर नुसता मचाणावर बस आणि बघ. तेही जाणंच आहे. आणि आजोबांचं ते रिव्हॉल्व्हर मामींनी पुढे पोलीस ठाण्यात जमा केलं, हेही तुझ्या बाबांना विचार. त्यांना आठवत असेल.

मंडळी, तुमच्या घरातही अशी एखादी बंदुकीची गोष्ट असेल. मुलं विचारतील तेव्हा ती सांगा, पूर्ण सांगा. पुढच्या वेळी भेटू.

नमस्कार.