एका डॉलरची पाकिटं

मागच्या आठवड्यात आपण बचत गटाच्या हिशोबाचं बोललो. आजही हिशोबाचंच बोलायचं आहे, पण गोष्ट अमेरिकेतली आहे.

संयुक्त राष्ट्रांचा एक लोकसंख्या निधी आहे. गरीब देशांत बाळंतपण सुखरूप व्हावं, पाळणा लांबवायची साधनं मिळावीत, सुइणींना शिकवावं, ही त्याची कामं. 2002 साली अमेरिकेच्या संसदेनं या निधीला 3 कोटी 40 लाख डॉलर मंजूर केले होते. जुलै महिन्यात राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या सरकारनं ते देणार नाही असं जाहीर केलं. कारण सांगितलं चीनचं. तिथं बायकांवर गर्भपाताची सक्ती होते आणि निधी त्याला हातभार लावतो, असा आरोप होता. गंमत अशी की, सरकारनंच मे महिन्यात चीनला पथक पाठवलं होतं, आणि निधी जाणूनबुजून अशा सक्तीला मदत करतो याचा पुरावा नाही, असं त्या पथकानं लिहून दिलं होतं. सक्ती वाईटच, त्यात दुमत नाही. पण चीनमधल्या सक्तीची शिक्षा आफ्रिकेतल्या बाळंतिणीला का, हे आम्हाला अजून उमगलेलं नाही.

त्या पैशांत काय झालं असतं? निधीचा अंदाज होता : नको असलेली 20 लाख गर्भारपणं टळली असती, 8 लाख गर्भपात टळले असते, 4,700 आया आणि 77,000 बाळं-मुलं वाचली असती. म्हणजे गर्भपाताच्या नावानं पैसे अडवले आणि त्यानं गर्भपात वाढायचीच सोय झाली.

कॅलिफोर्नियातल्या जेन रॉबर्ट्स, फ्रेंच शिकवून निवृत्त झालेल्या बाई, आणि न्यू मेक्सिकोतल्या वकील लोइस अब्राहम. दोघींची ओळखदेखील नव्हती. दोघींच्या डोक्यात एकच हिशोब आला : 3 कोटी 40 लाख माणसांनी एकेक डॉलर दिला तर? एकीनं वर्तमानपत्रांना पत्रं लिहिली, दुसरीनं मैत्रिणींना ईमेल धाडला आणि पुढे पाठवा म्हणून सांगितलं. मग दोघींनी हात मिळवले. न्यूयॉर्कच्या कार्यालयात टपालाचा ढीग लागला. पाकिटात एक डॉलरची नोट, सोबत कधी चिठ्ठी. वर्षाच्या आत 10 लाख डॉलर जमले.

आपल्याकडे पैसा फंड होता, आठवतंय? माणशी वर्षाला एक पैसा. त्यातून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. तीच रीत ही.

हा पैसा ज्या कामांना गेला त्यातलं एक काम फिस्टुलाचं. हे नीट ऐका, कारण याबद्दल घरात कुणी बोलत नाही. कोवळ्या वयात बाळंतपण आलं, मूल अडलं, दोन-दोन, तीन-तीन दिवस कळा चालल्या आणि ऑपरेशनची सोय नसली, तर बाळाच्या डोक्याचा दाब पडून मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामध्ये भोक पडतं. मूल बहुतेकदा हाती लागत नाही. लघवी सतत गळत राहते. वास येतो म्हणून नवरा सोडतो, आया-बाया दूर बसतात. बाईला वाटतं, आपलंच काही पाप. पाप कसलं? शस्त्रक्रियेनं बहुतेक जणी बऱ्या होतात. जेनबाई मालीला आणि सेनेगलला जाऊन हे काम बघून आल्या.

3 कोटी 40 लाख डॉलर काही जमले नाहीत. काही वर्षांत 40 लाखांच्या आसपास पोचले. म्हणून कुणी म्हणेल, मोहीम फसली. आम्हाला तसं वाटत नाही. पण एकेक डॉलर सरकारची जागा घेऊ शकतो असंही नाही. लसी, औषधं, डॉक्टर यांना दरवर्षी ठरलेला पैसा लागतो. 2009 मध्ये ओबामांच्या सरकारनं निधीचे पैसे पुन्हा सुरू केले, 2017 मध्ये ते परत थांबले, 2021 मध्ये सुरू झाले, 2025 मध्ये पुन्हा बंद. सुईण मात्र तीच, आणि तिच्या पिशवीतले हातमोजे संपतच असतात.

पुढच्या मंगळवारी अडलेल्या बाळंतपणाबद्दल डॉक्टरबाई आपल्याशी बोलतील. प्रश्न असतील तर चिठ्ठीवर लिहून केंद्राच्या पेटीत टाका. नाव घातलं नाही तरी चालेल.