वैद्य, हकीम आणि डॉक्टर : समन्वित चिकित्सेचा विचार



बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यात १७ जून १६३१ रोजी मुमताज महल हिचे निधन झाले. गौहर आरा हे तिचे चौदावे अपत्य जन्मास आले, आणि आई गेली. वय अवघे ३८. बादशहाच्या पदरी त्या काळचे नामांकित हकीम होते. औषधांची, दायांची, सेवेकऱ्यांची वाण नव्हती. तरीही प्रदीर्घ वेणांनंतर झालेल्या रक्तस्रावापुढे कोणाचे काही चालले नाही, असे मानले जाते. तापीपलीकडे झैनाबादेस तिला प्रथम दफन करण्यात आले आणि पुढे आग्र्यास नेण्यात आले. त्यानंतरची ताजमहालाची कथा सर्वविदित आहे. आरोग्याचा विचार करणाऱ्याने मात्र आग्र्याकडे न जाता किल्ल्यातल्या त्या दालनापाशीच थांबावे. साम्राज्याचे सारे वैद्यक तेथे हजर असताना उणीव कशाची होती?

उणीव होती ती गर्भाशयाचे आकुंचन घडवून रक्त थांबवणाऱ्या, मात्रा नेमकी ठाऊक असलेल्या औषधाची. आश्चर्य असे की त्या औषधाचे एक मूळ सुईणींच्याच बटव्यात होते. राय नावाच्या धान्यावर वाढणारी अरगट ही बुरशी युरोपातल्या सुईणी कळा वाढवण्यासाठी देत असत. अंदाज चुकला तर आई आणि मूल दोघांच्याही जिवावर बेते. १९३५ मध्ये याच बुरशीतून एर्गोमेट्रिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आटोक्यात आणण्याचे एक खात्रीचे साधन डॉक्टरांच्या हाती आले. पुढे त्याहून सुरक्षित असे ऑक्सिटोसिन आले. मूल जन्मताच त्याचे इंजेक्शन मातेला देणे ही आज जगभर मान्य झालेली रीत आहे. सुईणीच्या ज्ञानाला येथे कोणी हसले नाही आणि कोणी त्याची आरतीही ओवाळली नाही. त्याची परीक्षा झाली. समन्वित चिकित्सा या शब्दाचा खरा अर्थ एवढाच आहे.

हा विषय बुऱ्हाणपूरकरांना दूरचा नाही. पंडित शिवनाथ शास्त्री शासकीय आयुर्वेद महाविद्यालय याच शहरात आहे, सैफिया हमीदिया युनानी तिब्बिया महाविद्यालयही येथेच आहे, आणि आधुनिक वैद्यकाचे दवाखाने तर जागोजागी आहेत. एवढ्या लहान शहरात तिन्ही परंपरा शेजारी नांदाव्यात, हे भाग्यच म्हणायचे. पण रोग्याच्या घरी काय घडते? सकाळी काढा, दुपारी माजून, रात्री गोळी, आणि यांतील एकाच्या औषधाचा दुसऱ्याला पत्ता नाही! याला समन्वय म्हणणे कठीण आहे. ही खिचडी झाली, आणि तीही बिनमिठाची.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली चोप्रा समितीने देशी आणि पाश्चात्त्य वैद्यकांचा मेळ घालण्याची शिफारस केली होती. पुढे ‘शुद्ध’ आयुर्वेद की ‘मिश्र’ अभ्यासक्रम, या वादात बरीच वर्षे गेली. तो वाद प्रामुख्याने पदव्यांचा होता. रोग्याच्या खाटेपाशी तो फारसा पोहोचलाच नाही. वस्तुतः त्याचे उत्तर जुन्या ग्रंथांतच होते. गुल्म पिकला म्हणजे पुढील कर्माचा अधिकार धन्वंतरी संप्रदायाच्या शल्यवैद्यांचा, असे चरकसंहिता स्पष्ट सांगते. चरकाच्या परंपरेला स्वतःची हद्द ठाऊक होती, आणि हद्द आल्यावर रोग्याला दुसऱ्याच्या हाती सोपवण्यात तिला कमीपणा वाटत नव्हता. छातीत कळ निघालेल्या माणसाला चूर्णाच्या पुडीवर रात्रभर घरी ठेवणारा या परंपरेचा वारस ठरत नाही.

रोग होऊ नये म्हणून काय करावे, याविषयी तर तिन्ही शास्त्रांत भांडणाला जागाच नाही. आयुर्वेदाने दिनचर्या आणि ऋतुचर्या सांगितली. युनानी वैद्यकाने हवा, अन्नपाणी, शरीराचे श्रम व विश्रांती, निद्रा व जागृती, मनोव्यापार आणि मलादिकांचे उत्सर्जन व धारण, अशी आरोग्याची सहा अटळ कारणे मानली. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या रोग्याला आजचा डॉक्टर चालायला सांगतो, मीठ कमी करा म्हणतो, झोपेची चौकशी करतो, तेव्हा तो याच यादीतून बोलत असतो.

यांतील पाण्यापुरते बोलायचे तर बुऱ्हाणपूरला पुस्तक उघडण्याचीही गरज नाही. १६१५ साली अब्दुर्रहीम खानखानाच्या कारकीर्दीत, दोह्यांमुळे घराघरांत पोहोचलेला रहीम तो हाच, कुंडी भंडाऱ्याची भुयारी जलव्यवस्था उभी राहिली. तबकुतुल अर्ज या इराणी भूजलतज्ज्ञाने सातपुड्याच्या डोंगरातून तापीकडे झिरपणारे पाणी जमिनीखालीच अडवले आणि शंभरावर कुंड्या भुयाराने जोडून निव्वळ उताराच्या बळावर शहरात आणले. पाणी उघड्यावर आले नाही, म्हणून ते वरच्या घाणीपासून बचावले. हे काम कोणत्याही वैद्यकग्रंथात नोंदलेले नाही. पण पाण्यातून येणारे रोग दूर ठेवण्याचे काम ज्या व्यवस्थेने केले, तिचे मोल कुठल्या औषधशाळेहून कमी कसे मानावे? २०२२ च्या जुलैत प्रत्येक गावात घरोघर नळ पोहोचल्याचे प्रमाणपत्र मिळवणारा देशातील पहिला जिल्हा बुऱ्हाणपूरच ठरला. चार शतकांनी त्याच कामाची ही पुढची पायरी म्हणता येईल. मात्र नळाचे पाणी हंड्यात आल्यावर त्यात हात बुडू न देणे हे घरातल्या माणसांचेच काम राहते.

पाणी बिघडलेच आणि हगवण लागली, तर? बांगलादेश युद्धाच्या काळात, १९७१ मध्ये, बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ उसळली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि साखर यांचे प्रमाणबद्ध पाणी तोंडाने पाजण्याचा निर्णय घेतला. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. पुढील संशोधनात साखरेऐवजी तांदळाचे पीठ वापरलेले पाणीही पटकीत गुणकारी ठरले. मराठी घरातल्या आजीची मीठ घातलेली भाताची पेज येथे आपोआप आठवते. पेज जरूर द्यावी. पण लहान मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी थांबली, की पेजेची हद्द संपली आणि रुग्णालयाची सुरू झाली.

देशी उपचार परीक्षेस उतरल्याची उदाहरणे आहेत आणि ती अभिमानाने सांगावीत. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरील सर्पगंधेच्या उपयोगाचे निष्कर्ष ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. तीन वर्षांनी तिच्यातून रेसरपीन वेगळे झाले. अधिक चांगली औषधे आल्यावर तेही मागे पडले. शास्त्रात असे होतच असते. भगंदरावरील क्षारसूत्राची गोष्ट याहून बोलकी आहे. काशी हिंदू विश्वविद्यालयात डॉ. पी. जे. देशपांडे यांनी हा प्राचीन उपचार पुन्हा प्रचारात आणला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने त्याची शस्त्रक्रियेशी रीतसर तुलना करवली. १९९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. क्षारसूत्राने जखम भरायला सुमारे आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने चार. पण रोग उलटण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर ११ टक्के, तर क्षारसूत्रानंतर केवळ ४ टक्के होते. दोन्हींचे गुणदोष आकड्यांत मांडले गेले, आणि निवड रोग्याच्या हाती आली. असे काम आणखी शेकडो औषधांवर व्हायला हवे.

‘झाडपाल्याचे आहे, अपाय काय होणार?’ हा प्रश्न मात्र सोडून द्यावा लागेल. करोनाच्या साथीत, २०२० च्या उत्तरार्धात, गुळवेलीचा काढा घेतलेल्या सहा जणांच्या यकृतास इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी केली आहे. ज्या द्रव्यात गुण करण्याची शक्ती आहे, त्यात अवगुण करण्याचीही असते. म्हणून चालू असलेले प्रत्येक चूर्ण, माजून, भस्म वा गोळी डॉक्टर, वैद्य आणि हकीम या तिघांनाही न लाजता सांगितली पाहिजे.

शेवटी या शहराच्या रोजच्या खोकल्याविषयी. यंत्रमागांच्या मोहल्ल्यांत खोकल्याला कोणी विचारीत नाही. कापसाच्या धुळीने होणारा छातीचा विकार पिंजण आणि सूतकताईच्या खात्यांत अधिक, मागावर त्या मानाने कमी. सुटीनंतर कामावर रुजू होताच छाती आवळल्यासारखी वाटणे हे त्याचे लक्षण. त्यावर हवा खेळती ठेवणे, धूळ न उडवता ओल्या फडक्याने टिपणे आणि नाकातोंडावर फडके बांधणे, हाच आधीचा उपाय. कोणी अडुळशाचा काढा घेतो, कोणी हकिमाचा जोशांदा, कोणी औषधाच्या दुकानातली बाटली. त्या बाटलीतले ब्रोमहेक्सिन हे अडुळशातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच बेतलेले आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आजीचा काढा आणि डॉक्टरांची बाटली ही एकाच कुळातली! कफ सैल करण्याचे काम दोन्ही करतात. क्षयाचा जंतू मात्र दोहोंपैकी एकानेही मरत नाही. काढ्याने जरा बरे वाटते आणि त्या बरे वाटण्यात महिने निघून जातात. तेवढ्यात घरातल्या लहानग्यालाही लागण झालेली असते. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला की बेडका तपासून घ्यावा. सरकारी रुग्णालयात ही तपासणी आणि औषधे विनामूल्य आहेत. साध्या क्षयावर सहा महिने न चुकता औषध घ्यावे लागते, आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी सरकारकडून दरमहा १,००० रुपये मिळतात. त्या काळात काय खावे, किती विश्रांती घ्यावी, गेलेली भूक कशी परत आणावी, हे वैद्यांना किंवा हकिमांना अवश्य विचारावे. गोळ्या मात्र त्यांच्या सांगण्यानेही थांबवू नयेत.